पिवळा की पांढरा? घरातले दिवे बदलताना

गेल्या वर्षी घराला रंग दिला, तेव्हा वायरमनने सगळीकडे एकाच जातीचे बल्ब लावले. 6500 केल्विन, खोक्यावर 'कूल डे लाइट'. पहिल्याच रात्री आई म्हणाली, "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय गं." हौसेने निवडलेला भिंतीचा सायीसारखा रंगही निळसर दिसत होता.

उजेड जास्त झाला असेल, म्हणून मी 12 वॅटच्या जागी 9 वॅटचे बल्ब आणले. उजेड कमी झाला, दवाखाना तसाच. तेव्हा कुठे खोकं नीट वाचलं. वॅट म्हणजे वीज किती लागणार, ल्युमेन म्हणजे उजेड किती आणि केल्विन म्हणजे त्या उजेडाचा रंग. लोखंड तापतं तसं आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं. त्याच हिशेबाने आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा: मेणबत्ती साधारण 1900, जुना तारेचा बल्ब 2700.

मग घरभर 2700 लावले. हॉल अगदी हवा तसा झाला. पण आई तांदूळ निवडायला खिडकीशी जाऊन बसू लागली. आणि एका रात्री बाबांच्या गोळ्या काढताना पांढरी कुठली नि फिकट पिवळी कुठली, ते मला कळेना. दोन्ही सारख्याच दिसत होत्या! त्या रात्री खरंच घाबरले.

दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात 4000 चा बल्ब लावला. तरी मेथी मळकटच दिसायची. रंग किती खरे दिसतील ते सांगणारा सीआरआय हा आकडा वेगळा असतो. 90 च्या वरचा बल्ब लावल्यावर मेथी हिरवीगार दिसली. ओट्यावर आपलीच सावली पडते, म्हणून वरच्या कपाटाखाली दिव्याची एक पट्टीही बसवली. हे मात्र सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं.

झोपायच्या खोलीत 2700 च ठेवला. रात्रीचा निळसर उजेड झोप आणणारं मेलाटोनिन रोखतो. बाबांच्या वाचायच्या खुर्चीशी 4000 चा टेबल लॅम्प आहे.

हॉलमधला एक बल्ब गेला तेव्हा दुकानदाराने 'वॉर्म व्हाइट'च दिला, पण तो 3000 चा निघाला आणि शेजारच्या बल्बापुढे वेगळा दिसला. आता प्रत्येक खोलीचा आकडा मीटरच्या कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवलाय.