ज्वारी, शेण आणि लाखोळी: नागपूर जिल्ह्यातले तीन दिवस

कळमेश्वर तालुक्यात आमचं चार एकर वावर आहे. ते भाऊ पाहतो आणि मी नागपुरात राहते. दोन वर्षांपूर्वी त्याने सेंद्रिय करायचं ठरवलं आणि एका दुकानातून 'तयार शेणखत' म्हणून ट्रॉलीभर माल आणला. तो धड कुजलेलाच नव्हता. त्या वर्षी सोयाबीनच्या मुळाशी हुमणी (मुळं खाणारी अळी) लागली, कोपऱ्यातल्या अर्ध्या एकरातली झाडं पिवळी पडून बसली, आणि भावाचा उत्साहही त्यांच्याबरोबर वाळला. यंदा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, भाऊ आणि वहिनी असे तिघं तीन दिवस जिल्ह्यात फिरलो. जे खरंच सेंद्रिय करतात त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून पाहायचं, एवढंच ठरवलं होतं. तुम्ही निघणार असाल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी वेळेबद्दल. नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य हा काळ मला सगळ्यात योग्य वाटला. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन कापसाची वेचणी सुरू असते, तूर फुला-शेंगांत असते, धान कापून झालेलं असतं आणि त्या बांध्यांत लाखोळी हे डाळीचं पीक हिरवं दिसतं. जूनमध्ये गेलात तर शेतकऱ्याला मान वर करायला वेळ नसतो आणि एप्रिलमध्ये पाहायला काही उरत नाही. वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. मधल्या वेळात घरातली माणसं मजुरांबरोबर वावरात असतात आणि तुम्ही त्यांचा खोळंबा करता.

पहिला दिवस शहराच्या आसपास गेला. अमरावती रोडवर गोंडखैरीला केंद्र सरकारचं जैविक शेतीचं प्रादेशिक केंद्र आहे. जिवाणू खतं, कचरा कुजवण्याचं द्रावण आणि पीजीएस प्रमाणपत्र यांची माहिती तिथे मिळते. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेती तपासून दिलेली हमी. गटाला किमान पाच शेतकरी लागतात, त्यामुळे एकट्याने जाऊन नाव नोंदवता येईल असं समजू नका. आधी गावात चार जण शोधा. हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं आणि संत्र्यासारख्या फळझाडांना तीन वर्षं बदलाच्या काळात काढावी लागतात. तोवर माल 'सेंद्रिय' म्हणून विकता येत नाही. हे आधी माहीत असतं तर भावाने पहिल्याच वर्षी जास्त दराची आशा धरली नसती.

वर्धा रोडवर पांजरीला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९७६ची. कापूस करणाऱ्याने तिथे सरळ (संकरित नसलेल्या) वाणांची आणि देशी कपाशीची चौकशी जरूर करावी, कारण सेंद्रिय प्रमाणपत्रात बीटी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, चालत नाही आणि दुकानात बिगर-बीटी बियाणं सहजी हाती लागत नाही. सरळ वाणाचं बी घरी राखता येतं, हा फायदा वेगळाच. सरकारी सुट्ट्या पाहून जा आणि शक्यतो आधी फोन करा.

दुसऱ्या दिवशी उमरेड रोडने भिवापूरकडे गेलो. गणेशपेठ स्थानकावरून एसटी मिळते आणि दोन तास धरून चालावे. गावं रस्त्यापासून आत असल्याने दुचाकी असली तर बरं. भिवापूर मिरचीचं गाव आहे आणि इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. वाटेत सातऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागांवर, लाल ढीग आणि देठ तोडत बसलेल्या बाया दिसतात. मिरचीत पूर्ण सेंद्रिय जाणं कठीण आहे, बोकड्या (पानं आकसवणारा रोग) आला की भलेभले फवारणीकडे वळतात, हे तिथल्या दोघा-तिघांनी मोकळेपणाने सांगितलं. म्हणून मी कुणालाही मिरचीपासून सुरुवात करा म्हणणार नाही.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या काकांचं पाच एकर. त्यातलं एक एकर घराला लागून आहे आणि ते फक्त घरच्या खाण्यासाठी. ज्वारी निघून गेली होती, तिची धाटं एका बाजूला रचलेली. तुरीच्या ओळी उभ्या होत्या. मूग, उडीद, बरबटी (चवळी) पावसाळ्यातच घरात आली होती. धुऱ्यावर अंबाडी, एरंडी आणि एक शेवगा. उरलेल्या चार एकरांत कपाशी, आठ ओळींमागे तुरीच्या दोन ओळी. मी विचारलं, सुरुवात जीवामृतापासून, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रावणापासून, केली का? काका म्हणाले, "नाही बाई. ज्वारीपासून. ज्वारी गेली तं कडबा गेला, कडबा गेला तं बैल गेले, बैल गेले तं शेण गेलं. मंग जीवामृताले शेण कुठून आणाव?"

भाऊ गप्पच झाला. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. आजोबांच्या काळी निम्म्या वावरात ज्वारी असायची. मग सोयाबीन आलं, सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) जनावरं कडब्यासारखं खात नाहीत, बैलजोडी विकली, ट्रॅक्टर भाड्याने आला आणि शेणखत विकत घ्यायची वेळ आली. तेही कच्चं. सेंद्रिय शेतीची चर्चा होते ती बहुतेक औषधाऐवजी काय फवारायचं याची. माझ्या मते आपल्याकडे खरी गाठ दावणीशी आहे. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, ते पोटाला आधार देतं, पण त्यात ना डाळ येते, ना भाजी, ना बैलाचा चारा.

काकांकडे गवळाऊ या देशी जातीची एक गाय आणि एक बैलजोडी आहे. सावलीत जीवामृताचा दोनशे लिटरचा निळा ड्रम, त्यावर ओलं पोतं. त्यातल्या पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, एक किलो गूळ, एक किलो बेसन आणि धुऱ्यावरच्या झाडाखालची मूठभर माती. दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं, दोन दिवस ठेवायचं आणि आठवड्याच्या आत एका एकराला वापरून टाकायचं. वास आंबूस-गोडसर येतो. सडका येऊ लागला तर ड्रम उन्हात राहिला असं समजा. काकूंनी वहिनीला निंबोळी अर्कही करून दाखवला: पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्याने गाळायचं आणि एकूण शंभर लिटर करायचं. निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी गोळा करून सावलीत वाळवून ठेवा, ऐनवेळी शोधत फिराल तर मिळणार नाहीत.

या वावरात माझ्या लक्षात सगळ्यात जास्त राहिलं ते मातीचं एक ढेकूळ. काकांनी आपल्या कपाशीतून एक वाळलेलं ढेकूळ उचललं, दुसरं धुऱ्यापलीकडच्या वावरातून आणलं, आणि काकूंनी आणलेल्या दोन काचेच्या पेल्यांत पाणी भरून ते अलगद सोडले. पलीकडचं ढेकूळ लगेच बुडबुडे सोडत कडांनी ढासळलं. दोन-तीन मिनिटांत तळाशी चिखल आणि वर चहासारखं गढूळ पाणी. काकांचं ढेकूळ तसंच बसून राहिलं, पाणी आरपार दिसत होतं. दोन्ही माती एकच, काळी, मधे फक्त एक धुरा. आता पाऊस वीस-वीस दिवस दडी मारतो आणि मग एका रात्रीत कोसळतो. त्या रात्री पलीकडची माती वाहून जाते आणि नंतर वर खपली धरते. काकांची माती पाणी पिऊन ठेवते आणि पावसाच्या पुढच्या खंडात पिकाला देते. हवामान बदलाला तोंड द्यायचं म्हणजे वावरात काय करायचं, ते मला त्या दोन पेल्यांत कळलं. घरी कुणालाही करता येतं, फक्त ढेकूळ पूर्ण वाळलेलं घ्या.

काका रुंद वरंबा-सरीवरही पेरतात. जोराच्या पावसात सरीतून पाणी निघून जातं आणि खंड पडला तर तीच सरी ओल धरते. पेरणीची घाई करत नाहीत, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच तिफण काढतात. सोयाबीनचं बी घरचं असेल तर शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण मोजतात आणि सत्तरच्या खाली आली तर बी बदलतात किंवा वाढवतात. दुबार पेरणीचा खर्च ज्याने एकदा सोसला, त्याला हे शंभर दाणे मोजणं जड जात नाही.

अडचणीही त्यांनी लपवल्या नाहीत. पहिली दोन वर्षं उत्पन्न घटलं, म्हणून दरवर्षी एकच एकर बदलत गेले. सगळं वावर एकदम बदलू नका, हा त्यांचा पहिला सल्ला. ज्वारीला पाखरं, रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांचा त्रास मोठा. परतीच्या पावसात सापडली तर कणसं काळी पडतात. आजूबाजूच्या कुणीच ज्वारी पेरली नाही तर गावभरची पाखरं तुमच्याच वावरात उतरतात, म्हणून दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून पेरावी आणि घराजवळच्या तुकड्यात पेरावी. एकरी तीन ते चार किलो बी पुरतं.

जेवायला ज्वारीची भाकर, सोले-वांग्याची भाजी आणि अंबाडीची चटणी होती. तेल आणि मीठ सोडलं तर ताटातलं बहुतेक सगळं त्या एका एकरातलं, असं काकू म्हणाल्या. मागच्या खोलीत शेणमातीने लिंपलेली कणगी होती. पुढच्या वर्षीचं बी मडक्यांत, राख आणि कडुनिंबाचा वाळला पाला घालून. वहिनीने प्रत्येक मडक्यात हात घालून पाहिला. कोणी जेवायला थांबवलं तर पैसे देऊ करू नका, वाईट वाटतं. आम्ही लेकरांसाठी फळं नेली होती आणि येताना दोन पायल्या तूर रीतसर मोल देऊन घेतली.

तिसरा दिवस रामटेककडे. कामठी, मनसर करत पन्नासेक किलोमीटर. इथून धानाचा मुलूख सुरू होतो. कापलेल्या बांध्यांत धानाचे खुंट आणि त्यांतून वर आलेली लाखोळी. धान उभं असतानाच, कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी, ओल्या चिखलात बी फेकून देतात. याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर डाळ येते, पाला भाजीला होतो, कुटार जनावरांना जातं आणि मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. इतक्या कमी खर्चात घरात डाळ आणणारं दुसरं पीक मी पाहिलेलं नाही.

पण एक इशारा मनापासून देते. लाखोळीत एक विषारी घटक असतो. दुष्काळात जी माणसं महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून हीच खात राहिली, त्यांचे पाय लुळे पडले. म्हणूनच १९६१मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती, जी महाराष्ट्राने पुढे उठवली. आता विषारी घटक कमी असलेले वाण आहेत, बी घेताना तेच मागा. डाळ भिजवून ते पाणी टाकून द्या, आणि तूर-हरभऱ्याच्या जोडीला खा, त्यांच्या ऐवजी नको.

जाताना सोबत ठेवा: जाड तळाचे बूट, कारण तुरीची खुंटं चपलेतून पायात शिरतात, एक वही, आणि आपल्या वावरातली माती. नमुना घेताना वावरात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'सारखा वीतभर खोल खड्डा करा, कडेची माती खरवडून एकत्र मिसळा आणि त्यातली अर्धा किलो घ्या. धुरा, झाडाखालची जागा आणि उकिरडा टाळा. तपासणीचा कागद हातात असला की बोलणं नेमकं होतं, नाहीतर सगळेच मोघम सांगतात. शेतकऱ्याला 'किती पिकतं' विचारण्याआधी 'वर्षभरात काय विकत आणता' हे विचारा, उत्तर जास्त खरं मिळतं.

परत आल्यावर आम्ही हाच प्रश्न स्वतःला विचारला. वहिनीने वहीत लिहिलं: ज्वारी, मूग, बरबटी, मिरची, लसूण, तीळ, सगळं विकतचं. आता जूनमध्ये विहिरीजवळच्या पाऊण एकरात ज्वारी आणि तूर पेरायची ठरली आहे आणि पोळ्याच्या आत एक गाय आणायची आहे. शेजारच्या दोन घरांनी ज्वारीला होकार दिला आहे. कणसं भरल्यावर मचाणावर बसून पाखरं कोण हाकलणार, यावर मात्र तिन्ही घरांत अजून बोलणं चालू आहे.