लूप किती उलगडायचं?

पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या वाहन उद्योगासाठी पुण्यात ढीगभर सी कोड तपासला जातो. टेस्ट केस एका वेळी एकच इनपुट बघते. सीबीएमसीसारखा बाउंडेड मॉडेल चेकर (कोडमधली चूक गणिताने शोधणारं टूल) लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा कोडचा तुकडा, ठरावीक वेळा उलगडतो (तेवढ्या फेऱ्या एकापुढे एक मांडतो) आणि सगळ्या इनपुटांचं मिळून एकच सूत्र सॅट सॉल्व्हरपुढे (सूत्र खरं ठरवणाऱ्या किमती आहेत का ते शोधणाऱ्या प्रोग्रामपुढे) ठेवतो.

खरी गोम उलगडण्याच्या त्या मर्यादेत आहे. लूप १०० वेळा फिरतं आणि मर्यादा १० दिली, तर पुढच्या फेऱ्यांमधली चूक दिसतच नाही, उत्तर मात्र ‘यशस्वी’ येतं. म्हणून अनवाइंडिंग असर्शन (उलगडणं पुरेसं झालं का याची तपासणी) चालू हवं: उलगडणं अपुरं पडलं की टूल स्वतःच बोंब मारतं. सीबीएमसीच्या ६.० आवृत्तीपासून ते आपोआप चालू असतं, जुन्या आवृत्त्यांत सांगावं लागतं.

दुसरा सापळा माझ्या मते जास्त वाईट. हार्नेसमध्ये (तपासायच्या कोडला इनपुट पुरवणाऱ्या कोडमध्ये) एका ठिकाणी ‘वेग २००पेक्षा जास्त’ आणि दुसरीकडे ‘वेग १८०पेक्षा कमी’ असं अझ्यूम केलं (गृहीत धरलं), की एकही वाट उरत नाही आणि काहीही सिद्ध होतं! शेवटी असर्ट शून्य, म्हणजे कधीच खरी न ठरणारी अट, टाकून बघा. ते फेल झालंच पाहिजे. पास झालं तर सिद्धता पोकळ. (रिव्ह्यूमध्ये हे फारसं कुणी विचारत नाही.)

मर्यादाच माहीत नसेल तर लूपचं ढोबळ रूप वापरायचं, म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्शन. पुण्यातल्या टीसीएस रिसर्चचं टूल व्हेरीअ‍ॅब्स लूपची रचना बघून डावपेच निवडतं; एसव्ही-कॉम्प २०२० या अशा टूल्सच्या स्पर्धेत रीचसेफ्टी गटात (प्रोग्राम चुकीच्या जागी पोहोचू शकतो का हे बघणाऱ्या) ते पहिलं आलं. अ‍ॅब्स्ट्रॅक्शनमधून खोटे इशारेही येतात, कारण लूपमध्ये बदलणारं व्हेरिएबल कोणतीही किंमत घेऊ शकतं असं धरलेलं असतं. नेमका इन्व्हेरियंट (प्रत्येक फेरीत खरी राहणारी अट) दिला की त्यातले बरेच गळतात.