तुम्ही विचारलंत म्हणून: व्हेटर्नरीची कॉलेजं कोणत्या क्रमानं भरायची?

नीटचा निकाल लागला की माझ्या फोनवर दोनच प्रकारची माणसं असतात. एक, ज्यांची गाय अडली आहे. दुसरी, ज्यांच्या मुलाचं किंवा मुलीचं एमबीबीएसचं जमत नाहीये. दुसऱ्यांचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, व्हेटर्नरीला टाकायचं म्हणतोय. अर्जात कॉलेजं कोणती भरू? आणि वर कोणतं ठेवू?" मी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते. फोन येतो तेव्हा माझा एक हात बहुतेक वेळा कामात असतो, आणि ते काम म्हणजे गाय तपासणं. त्यामुळे उत्तर नेहमी अर्धवट राहतं. आज सवडीनं लिहिते.

आधी एक घोळ निस्तरते, कारण निम्मे फोन त्यातच जातात. दहावी-बारावीनंतरचा पशुसंवर्धनाचा डिप्लोमा वेगळा आणि बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी वेगळी. डिप्लोमा केलेली माणसं कामाची असतात, माझा दवाखाना त्यांच्याशिवाय चालत नाही, पण १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे त्यांना ठरावीक किरकोळ उपचारच करता येतात, तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. डॉक्टर व्हायचं असेल तर पदवी हवी. ती साडेपाच वर्षांची: साडेचार वर्षं शिक्षण, पुढं एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीटच्या गुणांवर. ज्या संस्थाचालकांनी "आमच्याकडे दोन वर्षांत डॉक्टर" असं सांगितलंय, त्यांना माझा नमस्कार सांगा आणि घरी या.

आता कॉलेजं. महाराष्ट्रात जुनी पाच: मुंबईत परळचं, १८८६ सालचं, मग नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ. अलीकडे यांत नवी भर पडते आहे, पण मी बोलणार ते या पाचांविषयी, कारण ती मी पाहिली आहेत. पाचही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. हे विद्यापीठ २००० साली झालं. त्याआधी ही कॉलेजं त्या त्या भागातल्या कृषी विद्यापीठांत होती, म्हणून आमच्या आधीच्या पिढीच्या पदव्यांवर कृषी विद्यापीठांची नावं दिसतात. अभ्यासक्रम पशुवैद्यक परिषदेनं देशभर एकच ठरवून दिलाय. म्हणजे विद्यापीठ एक, विषय तेच, पदवीचा कागदही तोच. एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होताना कुणी विचारत नाही की परळचे की उदगीरचे.

मग लोक क्रम कशावरून लावतात? मागच्या वर्षीच्या कटऑफवरून. हे मला पटत नाही. कटऑफमधून एवढंच कळतं की मागच्या वर्षीच्या मुलांना कुठं राहायला आवडलं असतं. मोठं शहर, रेल्वे, मावशीचं घर, मित्र. त्यात कॉलेजचा गुण किती आणि मावशीचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

माझी कसोटी एकच आहे. कॉलेजच्या दवाखान्याच्या फाटकातून रोज कोणती जनावरं आत येतात आणि किती येतात? पुस्तक सगळीकडे सारखं आहे. फरक पडतो तो हाताला किती केस लागतात त्यानं.

का ते सांगते. गाय गाभण आहे की नाही हे तपासायचं म्हणजे खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा घालून गुदद्वारातून हात आत घालायचा आणि आतड्याच्या भिंतीतून खालचं गर्भाशय चाचपायचं. वर्गात आकृती काढून मार्क मिळतात. पण गोठ्यात सुरुवातीचे कित्येक दिवस हाताला फक्त ऊब आणि शेण कळतं. गाय कळ देते, मनगट आवळतं, बोटं बधिर होतात, मालक शेजारी उभा राहून विचारतो, "काय मॅडम, हाय का?" आणि तुमच्या हातात काय आहे ते तुम्हालाच उमगत नाही. मग एखाद्या दिवशी गर्भाशयाच्या दोन शिंगांतलं, म्हणजे फाट्यांतलं, एक जरा फुगीर लागतं. भिंत अलगद चिमटीत धरली की आतला पडदा बोटांतून निसटतो. पुढच्या महिन्यांत गर्भाशयाची धमनी सापडते, तिची नुसती नाडी लागत नाही, ती थरथरते. हे एकदा बोटांना कळलं की जन्मात विसरत नाही, आणि कळायला गाई लागतात. भरपूर गाई, रिकाम्या आणि गाभण दोन्ही, आणि मागं उभं राहून "अजून आत, डावीकडं" म्हणणारा शिक्षक. जिथं एका गाईमागे वर्गातली सगळी मुलं रांगेत उभी राहतात, तिथं त्या गाईचेही हाल आणि मुलांचेही.

या नजरेनं पाचही बघा.

परळ म्हणजे कुत्री, मांजरं. शेजारीच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला जुने मुंबईकर अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ज्याला लहान प्राण्यांची प्रॅक्टिस करायची आहे, शस्त्रक्रिया, एक्स-रे, सोनोग्राफी यांत हात बसवायचाय, त्यानं परळ वर ठेवावं, पुढचा विचारच करू नये. गोरेगावला आरेच्या अंगाला कॉलेजचा दुसरा परिसर आहे आणि त्या भागात म्हशींचे तबेले आहेत, त्यामुळे मोठं जनावर अगदीच दिसत नाही असं नाही. पण गावाकडं येऊन गाईम्हशींचंच काम करायचं असेल तर मी परळ पहिलं लिहिणार नाही. मुंबईचा खर्च हा आणखी एक मुद्दा.

शिरवळ पुणे-सातारा महामार्गावर. अवतीभवती दुधाचा पट्टा, संकरित होल्स्टिन, दिवसाला वीस-पंचवीस लिटर देणाऱ्या गाई आणि त्यांची सगळी दुखणी: कासदाह, व्यायल्यावर कॅल्शियम उतरून बसलेली गाय, उलटणारी, म्हणजे भरवूनही गाभण न राहणारी, कालवड. शिवाय पावसाळा सरल्यावर या भागातून कोकणाकडे उतरणारे धनगरांचे वाडे, आणि कोंबड्यांच्या शेडी. दूध संघात किंवा पोल्ट्रीत नोकरी मनात असेल तर मला हे सगळ्यांत सोयीचं वाटतं.

उदगीर आणि परभणीला लोक खाली टाकतात, आणि इथं माझा थोडा जीव अडकलाय, कारण मी परभणीची. या भागात देवणी आणि लालकंधारी ही गुरं आहेत, उस्मानाबादी शेळी आहे, मराठवाडी म्हैस आहे. देवणीचं गावच उदगीरला लागून, कंधार नांदेड जिल्ह्यात. जातिवंत जनावर त्याच्या मूळ मुलखात, ते सांभाळणाऱ्या माणसासकट बघायला मिळणं ही चैन आहे. पैदास, आनुवंशशास्त्र असल्या विषयांत पुढं जायचं असेल तर उदगीरच्या बाजारात घालवलेली एक सकाळ उपयोगी पडते. शहराची हौस असेल तर मात्र कंटाळा येईल, ते लपवत नाही.

नागपूर सेमिनरी हिल्सवर, टुमदार जागा, विद्यापीठाचं मुख्यालयही त्याच शहरात. गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, म्हणून "मला वाघांचा डॉक्टर व्हायचंय" म्हणणारी सगळी मुलं नागपूर भरतात. भरा. पण पदवीच्या अभ्यासात वन्यप्राण्यांचा वाटा लहान असतो आणि त्या कामाच्या जागा फार थोड्या. वाघाला बेशुद्ध करण्याआधी पुष्कळ बैल-बकऱ्यांना भूल द्यावी लागते, आणि तिथंच ज्याचं मन रमलं नाही त्याचं पुढंही रमत नाही, असं मी पाहिलंय.

कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात जाऊन माहितीपत्रक मागू नका. सकाळी ओपीडीच्या वेळेला जा आणि जनावर अडकवून तपासतात त्या खोड्यापाशी तासभर उभे राहा. केसपेपर किती निघतात, इंटर्न स्वतः काम करतोय की मोबाईलवर व्हिडिओ काढतोय, हे दिसतं. मग एखाद्या इंटर्नला चहाला न्या. त्याला दोन गोष्टी विचारा: शिक्षकांच्या जागा किती भरलेल्या आहेत, आणि तू स्वतःच्या हातानं वासरू काढलंस का. दुसऱ्या प्रश्नाला जो जरा जास्त वेळ गप्प राहतो, त्याचं कॉलेज यादीत एक पायरी खाली.

बाहेरच्या राज्यांचं विचारतात. प्रत्येक राज्यातल्या मान्यताप्राप्त कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात असतात आणि त्यांची फेरी पशुवैद्यक परिषद घेते. तो अर्ज वेगळा, आपल्या विद्यापीठाचा वेगळा. नीट दिली म्हणजे दोन्हीकडे आपोआप नाव गेलं असं समजून पुष्कळ जण राहतात. गुण चांगले असतील तर बरेलीजवळचं इज्जतनगर, चेन्नईचं १९०३ सालचं मद्रास व्हेटर्नरी कॉलेज, लुधियाना, हिसार ही नावं लिहायला हरकत नाही. (इज्जतनगरची संस्था १८८९ साली सुरू झाली ती आपल्या पुण्यात, हे पुणेकरांना अजून कसं कळलं नाही याचं मला नवल वाटतं.) कोंबड्यांतच करिअर करायचं असेल तर तमिळनाडूतलं नामक्कल, तो सगळा मुलूखच अंड्यांवर चालतो.

पण एक विचार करून जा. गाय बोलत नाही, तिचा मालक बोलतो. "पान्हा चोरतीय", "कालपासनं रवंथ नाय", "दोनदा भरवली तरी उलटली", "अंग भाईर येतंय" यातून निम्मं निदान होतं. नामक्कलचा शेतकरी हेच तमिळमध्ये सांगणार. मित्रांच्या मदतीनं निभतं, काहींना तर भाषा झकास येते, पण ज्या मुलाला अनोळखी माणसाशी आपल्या भाषेतही बोलवत नाही, त्याला मी तिकडं पाठवणार नाही. कर्नाटकातलं बीदर हा अपवाद. ते उदगीरहून फार लांब नाही आणि तिथल्या बाजारात मराठी चालते. गोव्यातूनही फोन येतात. तिथं पदवीचं कॉलेजच नाही, त्यामुळे बाहेर पडणं त्यांच्या नशिबी आहेच.

खासगी कॉलेजं काही राज्यांत बरीच आहेत. फी सरकारीच्या कित्येक पट. त्यांना सरसकट वाईट म्हणणार नाही, पण पैसे भरण्याआधी पशुवैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचं नाव आणि त्या वर्षीची स्थिती स्वतः बघा. "मान्यता प्रक्रियेत आहे" या वाक्यावर लाखो रुपये टाकू नका. आणि तिथंही माझा तोच प्रश्न: आसपास जनावरं आहेत का? माळरानावर काचेची इमारत उभी करता येते, आजारी म्हैस आणता येत नाही.

"मुलीला झेपेल का?" हा प्रश्न वडील आवाज खाली करून विचारतात. दादा, तुमची म्हैस कोण तपासतं? गाय अडली की ताकदीपेक्षा वासराचा मुडपलेला पाय कुठं आहे हे कळणं महत्त्वाचं, आणि ओढायला गोठ्यात चार माणसं असतातच. वसतिगृह मात्र जरूर बघा, मुलाचंही बघा.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत डीव्हीएम, म्हणजे तिथली पशुवैद्यकाची पदवी, हे आधी पदवीचं शिक्षण घेऊन मग साधारण चार वर्षांचं, आणि महाग. इथून पदवी घेऊन तिकडं जायचं असेल तर लक्षात ठेवा, तिथल्या पशुवैद्यक संघटनेची, म्हणजे एव्हीएमएची, मान्यता असलेलं भारतात एकही कॉलेज नाही. ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह या, बाहेरून शिकून आलेल्यांसाठीच्या, मार्गानं पात्रता मिळवावी लागते आणि परवान्यासाठी नॅव्हली परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे "परदेशी जायचंय म्हणून मुंबई की नागपूर" या वादाला अर्थ नाही. मार्ग दोघांना एकच.

क्रम लावून झाला की शेवटच्या फेरीपर्यंत थांबा. काही मुलं एमबीबीएस किंवा आयुर्वेदाला जागा मिळाली की इथली सोडतात, यादी बरीच खाली सरकते. एमबीबीएस न मिळाल्यानं इकडं आलेल्यांनी लाजू नये, माझ्या वर्गातले निम्मे तसेच होते आणि त्यांतले बरेच आज उत्तम सर्जन आहेत. आणि बारावीचं इंग्रजी हलकं घेऊ नका. पात्रतेच्या टक्क्यांत भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर तेही धरतात. अधिवास, नॉन क्रीमी लेयर, जात वैधता हे कागद निकालाची वाट न बघता आजच तहसीलला आणि समितीकडे टाका. जूनमध्ये त्या रांगेत उभं राहून मला फोन करू नका, तेव्हा माझ्याकडे जनावरांच्या घटसर्पाच्या लसीकरणाची धांदल असते.