कॉल ऑफ

वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यातून गाड्यांचे सुटे भाग इंग्लंडला जातात. ऑर्डर वर्षभराची एकदमच लागते, मग तिकडचे ग्राहक लागेल तसा माल मागवतात. त्या दिवशी मी ऑडिटमध्ये अडकलो होतो. मेल बघत होता केजकडचा एक नवा पोरगा. एमपीएससीच्या नादात याने फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे इंग्रजी जोडक्रियापदांची, अख्खी वही पाठ केलेली. आमच्या सेक्शनमध्ये इंग्रजी त्याचंच सगळ्यात बरं, आणि घोळ झाला तो त्यामुळेच.

मेल एका ओळीचा होता : प्लीज कॉल ऑफ सिक्स हंड्रेड पीसेस. वहीत कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे. पोरानं स्टोअरला फोन लावला, गाडीत चढलेले पॅलेट उतरवले आणि उलट मेल ठोकला, वी हॅव कॉल्ड ऑफ. तिकडून उत्तर आलं, थँक्स. दोन्ही बाजू खूश!

दुपारी न्हावा शेवा बंदराला निघायची गाडी गेटवर रिकामी दिसली तेव्हा मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, मालच उतरवला की." तेवढ्यात इनव्हॉइस नंबर मागणारा मेल आलाच.

"सर, त्यांनीच कॉल ऑफ करा म्हणलंय ना," पोरगा म्हणाला. "मी तर स्टोअरला कळवून बसलो."

त्याची वही चूक नव्हती. मीटिंग कॉल ऑफ केली की ती रद्दच. पण वर्षभराच्या ऑर्डरीतून काही माल कॉल ऑफ केला, की तो 'आता पाठवा' असा निरोप असतो. हे परीक्षेच्या पुस्तकात कुठून येणार? मी म्हटलं, "अरे, फायर अलार्म वेंट ऑफ म्हणजे काय?"

"बंद पडला."

"वाजला."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू हा नियम मीच काढलाय. लाइट टर्न ऑफ केला की विझतो, विमान टेक ऑफ करतं तेव्हा उडतं, काम पुट ऑफ केलं की लांबतं. 'ऑफ' म्हणजे बंद हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की माणूस फसणारच. आता हाच पोरगा 'कळवून बसलो' म्हणाला तेव्हा उभाच होता, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

रागावण्यात अर्थ नव्हता. लोडिंगवाल्यांना चहा पाजून पॅलेट परत चढवले आणि संध्याकाळी गाडी सोडली. ओव्हरटाइमवरून मॅनेजरनं कुरकूर केली, ती मी ऐकून घेतली.

हल्ली उत्तरात आम्ही कॉल ऑफ लिहीतच नाही. किती नग, कोणत्या तारखेची गाडी, एवढंच लिहितो आणि तिकडून 'येस' आल्याशिवाय स्टोअरला फोन करत नाही. पोरगा मात्र आता 'फॉलो अप' दिसला तरी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो.