वेंगुर्ल्याच्या पडवीत आयरिश रेड एल

आयर्लंड म्हटले की आपल्याकडच्या बहुतेकांना काळी स्टाउट आठवते, आणि कॉर्क शहरात राहायला गेल्यापासून सुटीवर आले की मलाही त्याच बिअरबद्दल विचारले जाते. वास्तविक त्या देशात तांबूस एलची, म्हणजे किंचित उबदार तापमानात आंबवलेल्या बिअरची, परंपराही चांगलीच जुनी आहे. किल्केनी येथे जॉन स्मिथविक यांनी १७१० मध्ये सुरू केलेली ब्रुअरी सेंट फ्रान्सिस मठाच्या आवारात तीनशे वर्षांहून अधिक काळ चालली आणि २०१३ मध्ये बंद होऊन तिचे उत्पादन डब्लिनला गेले. एनिस्कॉर्थीच्या लेट घराण्याची ब्रुअरी तर १९५६ मध्येच थांबली. पुढे त्या घराण्याच्या नावाने फ्रेंच आणि अमेरिकन कंपन्यांनी परवाना घेऊन बिअर विकली, आणि ‘आयरिश रेड’ हे नाव आयर्लंडबाहेर रुजले ते बरेचसे त्यामुळे. आता कॉर्कच्या आसपासच्या लहान ब्रुअरीज पुन्हा आपापली रेड एल बनवतात. त्यांपैकी एकीच्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या मी एप्रिलअखेरीस वेंगुर्ल्याला, मामांच्या घरी आणल्या. भारतात येताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच मद्य करमुक्त आणता येत असल्यामुळे पाचवीचा प्रश्नच नव्हता.

या बिअरचा तांबूसपणा कुठल्याही फळाचा किंवा रंगाचा नसतो. फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, हा तिचा पाया, त्यात थोडे कॅरॅमल माल्ट, आणि सर्वांत शेवटी अगदी थोडे, एकूण धान्याच्या जेमतेम काही टक्के, मोड न आणता काळसर होईपर्यंत भाजलेले जव. हेच भाजलेले जव अधिक प्रमाणात घातले की स्टाउट काळी होते. इथे त्यांचे काम दोनच गोष्टींपुरते असते, रंगाला लाली देणे आणि कॅरॅमलचा गोडवा घशाखाली उतरता उतरता कोरडा करणे. हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा बेताचा आणि अल्कोहोल साधारण चार-साडेचार टक्के. म्हणजे ही गाजावाजा न करणारी बिअर आहे, आणि म्हणूनच तिचे परीक्षण कठीण जाते, कारण झणझणीत हॉप्सखाली लपून जाणारे लहानसे दोष हिच्यात झाकायला जागाच नसते.

परीक्षणासाठी मी कॉर्कमधील घरच्या घरी बिअर बनवणाऱ्या मंडळींकडून शिकलेली गुणपद्धती वापरते. अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ची ही पद्धती पन्नास गुणांची आहे: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील जाणिवेला (दाटपणा, फसफस) ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला तीनच गुण पाहून मामांना नवल वाटले, पण मला ते प्रमाण योग्य वाटते. रंगावर भाळणारा परीक्षक पुढच्या सगळ्या रकान्यांत उदार होत जातो.

कोकणातील पहिली अडचण हवेची. थंड बिअर ग्लासात ओतताच बाहेरून इतके पाणी सुटले की रंग पाहण्यासाठी मामेभावाला दर मिनिटाला पंचाने ग्लास पुसावा लागला. पुसलेल्या काचेतून मात्र घासलेल्या तांब्याच्या कळशीसारखा स्वच्छ रंग दिसला आणि फिकट बदामी फेसही चांगला टिकला. दुसरी अडचण तापमानाची. ही एल सात ते बारा अंशांच्या दरम्यान आपले खरे रूप दाखवते. फ्रिजमधून काढल्याबरोबर तिला जवळजवळ काहीच वास नव्हता, थोड्या वेळाने टोस्ट आणि कॅरॅमल वर आले, आणि आणखी थोडे थांबल्यावर नुसता गोडवा आणि अल्कोहोल पुढे सरकले. कॉर्कमध्ये ही मधली अवस्था आरामात रेंगाळते; वेंगुर्ल्याच्या दुपारी तिला गाठावे लागते. त्यामुळे ग्लासात दोन-दोन बोटेच ओतायची आणि बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवायची, असे आम्ही केले. स्वयंपाकघरात बांगडे तळले जात असल्याने ग्लास घेऊन पडवीत जाणेही भाग पडले, कारण त्या वासापुढे कोणत्याही बिअरचा टिकाव लागला नसता.

मामांचा काजू भाजण्याचा छोटा उद्योग आहे, त्यामुळे भाजणीच्या पायऱ्या त्यांच्या नाकाला माझ्यापेक्षा अधिक कळतात. पहिला घोट गिळून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “शेवटाक भाजल्याचो वास येता गो, पण करपलेलो नाय.” रेड एलच्या परीक्षकाला नेमके हेच तपासायचे असते. भाजलेल्या जवाचा हात जड झाला तर कॉफीची चव येऊन बिअर स्टाउटकडे झुकते, हलका झाला तर कॅरॅमल जिभेला चिकटून राहते. मी याशिवाय लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास शोधत होते. आंबवण्याच्या काळात तयार होणारे डायअॅसेटिल यीस्टने पुन्हा शोषून घेण्याआधीच बिअर थंड केली तर तो वास मागे राहतो, आणि कॅरॅमल माल्टच्या आडोशाला तो सहज खपूनही जातो. इथे तो नव्हता. फसफस मात्र गरजेपेक्षा थोडी तीव्र होती आणि वास चवीच्या मानाने दुबळा. वासाला ८, रूपाला ३, चवीला १५, जाणिवेला ४, एकूण परिणामाला ७, बेरीज ३७.

दुसरी बाटली जेवणासोबत उघडली, अर्थात गुण न देता. रव्यात तळलेल्या बांगड्याच्या खरपूस कडेशी माल्टचे चांगले जुळले, आणि ओल्या काजूंच्या उसळीतल्या खोबऱ्याशी त्याहूनही चांगले. कोकम आणि तिरफळे घातलेल्या कढीशी मात्र अजिबात जमले नाही. आंबटपणापुढे बिअरचा गोडवा नाहीसा होऊन ती पाणचट लागली, आणि तिरफळाने जिभेला मुंग्या आल्यावर फसफस बिअरची की तिरफळाची हेही कळेना. तिखट कालवणाबरोबर तर ती घेऊच नये, कारण बुडबुडे आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात.

उरलेल्या दोन बाटल्यांपैकी एक मामींच्या फ्रिजमध्ये, आमरसाच्या डब्यामागे, बरीच बोलणी खाऊन ठेवली, आणि दुसरी मुद्दाम माजघरातील फडताळात सोडली. काळोख दोघींनाही सारखाच होता, त्यामुळे उन्हाने बिअर बिघडण्याचा संबंध नव्हता. फरक केवळ उष्म्याचा होता. बाटली भरताना आत राहिलेला थोडासा ऑक्सिजन बिअर शिळी करण्याचे काम उष्णतेत वेगाने करतो. माझी निघायची वेळ झाली तेव्हा फडताळातली बाटली थंड करून मामेभावाने दोन्ही बिअर स्टीलच्या पेल्यांत, कोणती कोणत्या पेल्यात हे न सांगता ओतल्या. एका पेल्यात टोस्ट आणि कोरडा शेवट जसाच्या तसा होता. दुसऱ्यात कॅरॅमल मनुकांकडे झुकून जड आणि गोड झाले होते, त्याच्यामागे ओल्या पुठ्ठ्याचा वास होता आणि भाजल्याची धार बोथट झाली होती. तिला मी २४ गुण दिले.

मामांनी मात्र बेधडक तोच पेला उचलला. हा अधिक गोड आहे, मघाच्यासारखा शेवटी कोरडा पडत नाही, असे त्यांचे म्हणणे. कोणता पेला फडताळातला हे सांगितल्यावरही त्यांनी मत बदलले नाही. बिअरने आपल्या शैलीशी इमान राखले आहे का, एवढेच गुणपत्रिका मोजते, पिणाऱ्याला काय आवडावे हे ती ठरवत नाही, हे मला मान्य आहे. तरीही विकत घेणाऱ्याने बाटलीवरील भरण्याची तारीख पाहावी आणि दुकानदाराने ती फ्रिजमध्ये ठेवली होती की फळीवर, हे विचारूनच पैसे मोजावेत.