ब्लॅकपूलला निघालेली गिरणीवाली

इंग्लंडमधल्या रॉचडेल या गिरणीगावाच्या टाउन हॉलसमोर एका बाईचा पुतळा आहे. २०१६ साली बसवलेला. इथे राहायला आल्यावर वर्षभर मी त्याच्यासमोरून बसस्टॉपकडे धावत जायचे, पण ही कोण ते कधी नीट वाचलं नव्हतं. मागच्या फेब्रुवारीत शेजारच्या आजी म्हणाल्या, लायब्ररीत दुपारी जुना सिनेमा दाखवणार आहेत, सोबत चल. वय ८८, बाहेर बर्फाचा चिखल. त्यांना एकटं कसं सोडणार? म्हणून गेले. पडद्यावर आली ती पुतळ्यातलीच बाई, गायिका-नटी ग्रेसी फील्ड्स.

सिनेमा १९३४ चा, ‘सिंग अ‍ॅज वुई गो’. मंदीमुळे कापड गिरणी बंद पडते. कामगार डोकं धरून बसतील असं वाटतं, तर ग्रेसी त्यांना गाणं म्हणायला लावत गेटाबाहेर घेऊन येते. मग सायकलवर टांग मारून कामाच्या शोधात थेट समुद्रकाठचं ब्लॅकपूल! तिथे खानावळीवजा लॉजात मोलकरीण हो, टॉफी वीक, पडेल ते काम कर, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी घोटाळा. लायब्ररीतली सगळी म्हातारी मंडळी खदखदून हसत होती. माझं मात्र त्या गेटापाशीच अडकलं होतं.

माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. अडीच लाख कामगारांचा संप, त्यात कुणाच्या गैरहजेरीत रोजावर घेतले जाणारे बदलीवालेही. आमच्याकडे कुणी गात बाहेर पडलं नाही. आई पापड लाटायला लागली आणि मला वर्षभरासाठी मालवणला आजीकडे धाडलं. इथला कापडगिरण्यांचा मुलूख म्हणजे लँकेशायर; त्याचं आणि गिरणगावाचं कापडाच्या धंद्यातलं वैर शाळेत शिकले होते. पण इथल्या बायकाही बंद गेटासमोर अशाच उभ्या राहिल्या असतील, हे त्या दुपारपर्यंत कधी मनात आलं नव्हतं.

मग मी झपाटल्यासारखे त्या काळातले ब्रिटिश संगीत विनोदपट बघत सुटले. १९२७ च्या कायद्याने थिएटरवाल्यांना ठरावीक प्रमाणात ब्रिटिश सिनेमे दाखवणं भाग पडलं, त्यामुळे भराभर सिनेमे निघाले. त्यातले बरेच आज बघवत नाहीत, ते सोडा. पण बोलपटांना गाती माणसं हवी होती आणि ती म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाणी-नकलांच्या करमणुकीच्या, रंगमंचावर तयारच होती, जशी आपल्याकडे संगीत नाटकातून आली. विगनचा जॉर्ज फॉर्म्बी बँजोलेले हे छोटंसं तंतुवाद्य छेडत खट्याळ गाणी म्हणतो. जेसी मॅथ्यूज तर नाचताना जमिनीला टेकतच नाही असं वाटतं. तिचा १९३४ चा ‘एव्हरग्रीन’ जरूर बघा. तिचे वडील लंडनच्या बर्विक स्ट्रीटच्या बाजारात भाजी विकायचे, पण पडद्यावर ती बोलते अगदी उच्चभ्रू इंग्रजी. शिकवणी लावून बोली पुसून टाकली होती.

ग्रेसीने पुसली नाही. ती रॉचडेलची होती आणि रॉचडेलचीच बोलत राहिली. म्हणून मला ती जास्त जवळची. मुंबईच्या शाळेत तोंडून मालवणी निसटली की कान कसे तापायचे, ते मला आठवतं.

तिचा जन्म १८९८ चा, आजीच्या मासे-बटाट्याच्या दुकानाच्या माडीवर. लहानपणी अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस गिरणी. सिनेमात तिचा चेहरा रबरासारखा ताणतो, ओठ भलतेच मोठे हलतात. मला आधी ती नाटकी सवय वाटली. घरी येताना आजींनी उलगडा केला. त्यांची आई विणकर होती. साच्यांच्या खडखडाटात आवाज पोचायचा नाही, म्हणून बायका ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलायच्या आणि समोरची ओठ वाचायची. या बोलण्याला इथे ‘मी-मॉ’ म्हणतात. आजींनी फुटपाथवर थांबून करून दाखवलं: भुवया वर, हनुवटी खाली, एकेक शब्द ओठांवर कोरलेला, आवाज शून्य. मला ‘चहा’ तेवढा कळला. आमचे बाबा घरात दोन हातांवर बसून ओरडून बोलायचे आणि आई म्हणायची, अहो, खात्यात नाही आहात!

ब्लॅकपूलचंही आजींनीच सांगितलं. इथल्या प्रत्येक गिरणीगावाचा वर्षातून सुट्टीचा एक आठवडा ठरलेला असायचा, ‘वेक्स वीक’. गिरण्या बंद, धुराडी थंड, अख्खं गाव गाडीत बसून समुद्रावर. त्या आठवड्याचा पगार नसायचा, त्यासाठी वर्षभर क्लबात पैसे साठवायचे. गणपतीला रिकामं होणारं गिरणगाव आणि ट्रंका घेऊन कोकणात निघालेले चाकरमानी माझ्या डोळ्यांसमोर आले. सिनेमात दिसणारी ब्लॅकपूलची गर्दी खरोखरची आहे. तिथे जाऊनच चित्रण केलंय. कोपऱ्यात एखादा माणूस कॅमेऱ्याकडे बघत राहतो. मी दरवेळी ते दृश्य थांबवून चेहरे बघते.

शेवटी गिरणी पुन्हा सुरू होते. ग्रेसी पुढे, मागे सगळे कामगार, पुन्हा तेच गाणं. हा शेवट खोटा आहे असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. इथल्याही गिरण्या पुढे बंदच पडल्या. पण तेव्हा तिकीट काढून बसलेल्या बेकार विणकरणीला दोन तास का होईना ते गेट उघडताना बघायचं होतं, आणि ग्रेसीने तिला ते मन लावून दाखवलं.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांना तेवढाच शेवट दाखवला. इंग्रजी त्यांना कळत नाही. फोन डोळ्यांपाशी धरून ते शेवटपर्यंत गप्प बघत राहिले.

मग म्हणाले, “सगळ्यांना घेतलं का गो आत? बदलीवाल्यांनापण?”