यारा नदीचं ब्लूज

मेलबर्नला येऊन मला अकरा वर्षं झाली. ऑफिसला जाताना साउथ यारा स्टेशन सुटलं की लोकल नदी ओलांडते आणि रिचमंडला थांबते. खाली यारा नदी. आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्याला जसा रंग येतो तसा तिचा रंग, बारा महिने. या नदीच्या नावाने १९६२ साली एक ब्लूज गाणं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुःखातून आलेल्या शैलीतलं गाणं, रेकॉर्ड झालं होतं आणि ते गाणारी बाई या देशाची मूळनिवासी होती, हे मला गेल्या वर्षी कळलं. तेही शेजारच्या बाईंचं सामान आवरताना.

बाई ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत. आयुष्यभर नर्स म्हणून राबल्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मोठं घर झेपेना म्हणून त्यांनी ते विकलं आणि लहान जागेत जायचं ठरवलं. मी दोन शनिवार त्यांच्याकडे खोकी भरायला गेले. इथे जुन्या वस्तू भंगारवाल्याला देत नाहीत. सेवाभावी संस्थांची दुकानं असतात, त्यांना ऑप शॉप म्हणतात. तिथे नेऊन दिलं की विक्रीचे पैसे चांगल्या कामाला लागतात. बाईंचा अर्धा संसार तिकडेच निघाला होता. कपबशा झाल्या, पडदे झाले, मग आल्या एलपी. तीन खोकी भरून. आणि तिथे आमचं काम थांबलं, कारण प्रत्येक कव्हर हातात घेतलं की बाई खुर्चीत बसायच्या आणि बोलायला लागायच्या.

त्या मूळच्या केर्न्सच्या. क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाकडचं हे बंदर म्हणजे उसाची शेतं आणि दमट हवा. मला तिकडे गेल्यावर थेट कोकणात आल्यासारखं वाटलं होतं. खोक्यात तळाशी एक सीडी होती, कितीतरी वर्षांनी पुन्हा काढलेल्या जुन्या एलपीची. ‘जॉर्जिया ली सिंग्ज द ब्लूज डाउन अंडर’. बाई म्हणाल्या, “ही आमच्या गावची. खरं नाव डल्सी पिट. हिला माझ्या आईने लढाईच्या काळात ऐकलं होतं.”

डल्सीचा जन्म १९२१चा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडची टोरेस सामुद्रधुनीतली बेटं, मूळनिवासी ऑस्ट्रेलिया, जमैका, स्कॉटलंड असं सगळं एका रक्तात. केर्न्समधल्या मलाय टाउन या वस्तीत जगभरातून आलेली खलाशी आणि मोती काढणारी माणसं दाटीने राहायची, आणि संध्याकाळ झाली की घराघरांतून गाणं सुरू व्हायचं. दुसऱ्या महायुद्धात केर्न्स सैनिकांनी भरून गेलं. तेव्हा डल्सी आणि तिच्या बहिणी ‘हार्मनी सिस्टर्स’ नावाने त्यांच्यासमोर गायच्या. अमेरिकन सैनिकांबरोबर जाझ आणि ब्लूज अगदी दाराशी येऊन उभं राहिलं, आणि या मुलीने ते उचललं.

शेजारच्या बाईंचं घर मलाय टाउनपासून चालत दहा मिनिटांवर होतं. “पण आम्हाला तिकडे जायची परवानगी नव्हती,” त्या म्हणाल्या. “आई नाचाच्या हॉलमध्ये डल्सीचं गाणं ऐकून टाळ्या वाजवायची, आणि रस्त्यात तीच मुलगी समोरून आली तर माझा हात धरून पलीकडे जायची. हे मी लहानपणी पाहिलंय.” एवढं बोलून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मीही काही बोलले नाही.

लढाई संपल्यावर डल्सी सिडनीला गेली आणि जॉर्जिया ली झाली. नाव ऐकून माणसाने अमेरिकेचीच समजावी असं नाव. क्वीन्सलँडमध्ये त्या काळी अनेक मूळनिवासींनी कुठे राहायचं, कुणाकडे कामाला जायचं, एवढंच काय लग्न कुणाशी करायचं हेही सरकारी अधिकारी ठरवत. त्या राज्यातून आलेल्या एका तरुणीने हे परदेशी नाव का घेतलं असेल, ते मला फार सांगावं लागणार नाही. १९५०च्या दशकात ती लंडनला गेली आणि तिथल्या गेराल्डोच्या नावाजलेल्या डान्स बँडबरोबर गायली. परत आली ती १९५७ साली नॅट किंग कोल या नामवंत अमेरिकन गायकाच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याच्याबरोबर मंचावर होती. आणि मग १९६२ साली मेलबर्नच्या क्रेस्ट कंपनीने तिची एलपी काढली. मूळनिवासी कलाकाराचा हा पहिला अल्बम मानला जातो. ऑस्ट्रेलियात स्टिरिओमध्ये रेकॉर्ड झालेल्या अगदी सुरुवातीच्या एलपींमध्येही तो येतो.

तो सालाचा आकडा मी विसरू शकत नाही. मूळनिवासींना देशाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क सरसकट मिळाला तो १९६२ सालीच. डल्सीच्या स्वतःच्या राज्याने, क्वीन्सलँडने, राज्याच्या निवडणुकीत तो द्यायला १९६५ उजाडवलं. म्हणजे लंडन गाजवून आलेली ही बाई स्टुडिओत उभी राहून ‘यारा रिव्हर ब्लूज’ म्हणत होती, आणि तिच्या माहेरी तिच्या माणसांना मत नव्हतं.

मी ते गाणं त्याच रात्री ऐकलं. आवाज भरदार आहे, पण ती तो उधळत नाही. ओळ जिथे संपते तिथे बाकीच्या गायिका जरा ताणून धरतील. ही तिथेच हात काढून घेते आणि वाद्यांना पुढे जाऊ देते. दुःखाचं गाणं आहे म्हणून रडवेलं केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल पुलावर आली तेव्हा मी मोबाइल खिशात टाकला आणि खाली पाहिलं. इतकी वर्षं मी या नदीवरून जाते, पण त्या दिवशी ती पहिल्यांदा ओळखीची वाटली.

जॉर्जिया ली २०१० साली केर्न्सलाच गेली, ८९व्या वर्षी. तिची भाची विल्मा रीडिंग हिचंही नाव तुम्ही ऐकलं नसेल. विल्मा १९५९ साली सॉफ्टबॉल खेळायला ब्रिस्बेनला आली होती. मैत्रिणींच्या आग्रहाखातर एका जाझ क्लबमध्ये गायली आणि तिचं आयुष्यच बदललं. पुढे ती अमेरिकन जाझमधल्या दिग्गज ड्यूक एलिंग्टनबरोबर गायली, अमेरिकेत जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात झळकली, लंडनला ‘शो बोट’ या संगीत नाटकात क्लिओ लेन या गायिकेच्या जागी उभी राहिली. आणि मग केर्न्सला परतून पोरांना गाणं शिकवू लागली. एका गल्लीतून, एका घरातून असं दोनदा घडावं, आणि देशातल्या बहुतेकांना पत्ता नसावा! माझ्या ऑफिसात मी पाच-सहा जणांना विचारलं. सगळे इथेच जन्मलेले. एकालाही दोघींपैकी एकीचं नाव माहीत नव्हतं. मला याचं खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या खोक्यात लिटल पॅटीची एक छोटी रेकॉर्ड निघाली. पॅट्रिशिया अ‍ॅम्फलेट, सिडनीची. १९६३ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, समुद्रावर सर्फिंग करणाऱ्या पोरावरचं तिचं गाणं तुफान चाललं. मला ते गाणं काही फार भावलं नाही. मला भावली ती १९६६ची गोष्ट. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या ऑस्ट्रेलियन सैनिकांसाठी गायला ती नुई दाटच्या तळावर गेली होती. वय १७. १८ ऑगस्टला कार्यक्रम रंगात असताना जवळच लाँग टानच्या रबराच्या मळ्यात लढाई पेटली. तोफांचा आवाज मंचापर्यंत यायला लागला, कार्यक्रम थांबला, तिला हेलिकॉप्टरने बाहेर काढलं. त्या लढाईत १८ ऑस्ट्रेलियन सैनिक गेले. दुसऱ्या दिवशी ती जखमींना भेटायला हॉस्पिटलात गेली. शेजारच्या बाई स्वतः नर्स, त्यामुळे हे सांगताना त्यांचा आवाज बदलला: “सतरा वर्षांच्या पोरीने तो वॉर्ड बघायला नको होता. पण ती गेली.” पुढे हीच पॅट्रिशिया कलाकारांच्या राष्ट्रीय युनियनची अध्यक्ष झाली आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या हक्काच्या पैशासाठी भांडत राहिली.

जॉय मॅकीनची गोष्ट वेगळीच. ऑस्ट्रेलियात कंट्री म्युझिक म्हटलं की स्लिम डस्टीचं नाव प्रत्येक ट्रक ड्रायव्हरला ठाऊक असतं. जॉय ही त्याची बायको, पण ही ओळख फार अपुरी आहे. लहानपणी पोलिओ झालेला, पायाला आधाराची लोखंडी पट्टी, कॅलिपर. लग्नाआधीच ती बहीण हेदरबरोबर सिडनीच्या रेडिओवर गात होती. १९५१ साली लग्न झालं, आणि मग नवऱ्याच्या कारकिर्दीचं सगळं कामकाज पन्नासेक वर्षं तिने सांभाळलं. कारव्हॅन घेऊन महिनोन्महिने देशभर फिरायचं, त्यातच पोरं वाढवायची, आणि त्यातच गाणी लिहायची. ‘लाइट्स ऑन द हिल’ हे रात्री घाटावर समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपलेल्या ट्रक ड्रायव्हरचं गाणं तिचं. १९७३ साली टॅमवर्थ गावी कंट्री म्युझिकचे गोल्डन गिटार पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिला या गाण्यासाठी तिला मिळाला. क्वीन्सलँडमध्ये गॅटनला रस्त्यावर जीव गमावलेल्या ड्रायव्हरांचं स्मारक आहे, त्याला याच गाण्याचं नाव दिलंय. शब्द बाईचे, आणि देशाच्या कानात आवाज तिच्या नवऱ्याचा. ती २०२३ साली गेली, ९३व्या वर्षी.

दुसऱ्या शनिवारी दुपारी तिसरं खोकं उघडलं. बाईंनी एक एलपी काढली आणि ती ऑप शॉपच्या ढिगात न ठेवता मांडीवरच ठेवली. कव्हरच्या कडा मऊ पडलेल्या, एका कोपऱ्याला पिवळी पडलेली चिकटपट्टी. वेंडी सॅडिंग्टन, कॉपरवाइन या बँडबरोबर.

बाई १९६९ साली नोकरीसाठी मेलबर्नला आल्या होत्या. रात्रपाळी नसेल तेव्हा मैत्रिणींबरोबर गाणं ऐकायला जायच्या. “फिट्झरॉयच्या एका हॉलमध्ये मी तिला पहिल्यांदा ऐकलं. केसांचा हा एवढा मोठा गोल, अंगावर साधेच कपडे. तेव्हा गाणाऱ्या मुलींनी गोड दिसायचं असा नियमच होता. ही प्रेक्षकांकडे बघायचीही नाही. डोळे मिटायची आणि आतून काहीतरी उपटून काढावं तशी गायची. मी आठवडाभर वॉर्डात नीट बोलू शकले नाही.”

वेंडीचा जन्म १९४९चा. शाळकरी वय संपतं न संपतं तोच ती बँडमध्ये गायला लागली. ‘चेन’ हा इथला फार मानला जाणारा ब्लूज बँड. त्याचं नाव तिने सुचवलं, अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनच्या ‘चेन ऑफ फूल्स’ या गाण्यावरून. मेलबर्नहून ‘गो-सेट’ नावाचं तरुणांचं संगीत साप्ताहिक निघायचं. त्यात विशीतली वेंडी वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायची. घरी पटत नाही, पोटात मूल आहे, कुणाला सांगू, अशी पत्रं. बाईंच्या मैत्रिणीने ती कात्रणं जपून ठेवली होती म्हणे. तिच्या उत्तरांत उपदेश नसायचा, हे बाईंनी मला दोनदा सांगितलं.

सिडनीजवळच्या वॅलेशिया गावी जानेवारी १९७१मध्ये उघड्या माळावर संगीतमहोत्सव झाला. तिथलं तिचं गाणं रेकॉर्ड होऊन बाहेर आलं, तीच ही एलपी. त्याच वर्षी ‘लुकिंग थ्रू अ विंडो’ हे एकच गाणं रेकॉर्ड विक्रीच्या यादीत चढलं. आणि एवढंच. स्टुडिओत बसून केलेला पूर्ण अल्बम तिने आयुष्यात एकही काढला नाही. ज्यांनी तिला समोर ऐकलं ते आजही तिला इथल्या सर्वांत मोठ्या गायिकांमध्ये मोजतात, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी हातात उरतो तो एका माळावरचा तासाभराहून कमी आवाज. रेकॉर्ड कंपन्यांना तेव्हा अशा बाईचं काय करावं हे कळलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गोड गाणारी, फोटोत हसणारी मुलगी कशी विकायची ते त्यांना माहीत होतं.

“मग ती गेली कुठे?” मी विचारलं.

“तुझ्या लोकांकडे,” बाई म्हणाल्या.

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. सत्तरच्या दशकात वेंडी हरे कृष्ण पंथात गेली. मोठ्या मंचांचा नाद सोडला. अधूनमधून छोट्या जागी गायची, पण मन तिकडे रमलं. जून २०१३मध्ये, ६३व्या वर्षी, कर्करोगाने गेली. तिला दीक्षेचं नाव मिळालं होतं, पण बाईंना ते कधी नीट उच्चारता आलं नव्हतं. त्यांनी मोबाइलवर मला दाखवलं.

गांधर्विका दासी.

मी ते मोठ्याने वाचलं आणि अंगावर काटा आला. गांधर्विका म्हणजे राधा, जी गाण्यात निपुण आहे ती. मी बाईंना सांगितलं, आमच्याकडे गंधर्व म्हणजे देवांचे गायक, आणि माझ्या भाषेत एका गायकनटाला बालगंधर्व म्हणत. माझ्या आजोबांच्या घरी त्यांचा फोटो देवांच्या शेजारी होता. ज्याने वेंडीला हे नाव दिलं त्याने ते विचार करून दिलं असणार. डल्सीने उंबरठा ओलांडताना एक परकं नाव घेतलं होतं, ते जगाने तिला ऐकावं म्हणून. वेंडीने परकं नाव घेतलं ते सगळं ऐकवून झाल्यावर.

बाईंनी तीनदा म्हणवून घेतलं. ‘गां’वर त्या अडखळायच्या आणि ‘ध’चा ‘द’ व्हायचा. तिसऱ्यांदा जमलं. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमधून पेन्सिल आणली, एलपी उलटी केली, आणि कव्हरच्या मागे कोपऱ्यात रिकामी जागा दाखवून म्हणाल्या, “तुझ्या लिपीत लिही. खाली मी माझ्या लिपीत लिहीन.”

मी लिहिलं. त्यांनी खाली एकेक अक्षर जुळवत लिहिलं. ती एलपी ऑप शॉपला गेली नाही. नव्या घराच्या खोक्यांत, कपबशांच्या वर, टॉवेलमध्ये गुंडाळून आम्ही ती ठेवली.